पर्यावरण अहवालाची तपासणी कोणी करायची?

कोल्हापूर महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढतेच, मग स्वतंत्र देखरेखीचा खर्च कशाला, असा मुद्दा मांडला जातो; तो मला पटत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार हा अहवाल आयुक्त महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहापुढे ठेवतात. म्हणजे शहरातून पंचगंगेत जाणाऱ्या जयंती नाल्याचे सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी ज्या प्रशासनाची, तेच आपल्या कामाचे मूल्यमापन करते. कोल्हापुरात तर नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर काही वर्षे आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते, त्यामुळे अहवाल मांडणारा आणि स्वीकारणारा एकच राहिला. कॅनडात १९९५ पासून पर्यावरण व शाश्वत विकास आयुक्त हे पद महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात असून त्यांचे अहवाल संसदेपुढे जातात. आपल्याकडे नवे पद नको (पदाआधी गाडी येते, हा अनुभव जुना आहे). नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे राज्याविषयीचे अहवाल कलम १५१ नुसार विधिमंडळापुढे येतातच, त्यांच्याच कामगिरी लेखापरीक्षणात (म्हणजे हिशेबाबरोबर काम कसे झाले याच्या तपासणीत) नदीकाठच्या महापालिकांचे हे अहवाल नियमितपणे तपासले जावेत. त्यात प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेपेक्षा, सांडपाणी केंद्राकडे उपसणारे पंप बंद असताना पंचगंगेत थेट किती सांडपाणी गेले, याची नोंद आधी पाहावी.