अँग्झायटीचा उपचार मोबाइलवरून: नागपुरात चालेल का?

बर्डीची संशोधक:
मी क्लिनिकल सायकॉलॉजीत संशोधन करते. विषय अँग्झायटी आणि तिच्यावरचे ऑनलाइन उपचार. माझं मत असं की मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत अँग्झायटीच्या पेशंटला सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा, मराठीतला ऑनलाइन कोर्स मिळायलाच हवा, आणि त्याला दर आठवड्याला फोन करणारं प्रशिक्षित माणूसही हवं.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना राहतात. तेवढ्यांना पुरतील इतके थेरपिस्ट कुठून आणायचे? स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात गेरहार्ड अँडरसन यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. थेरपिस्टची साथ असलेला इंटरनेट सीबीटी समोरासमोरच्या सीबीटीच्या तोडीचा ठरतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलंय. साथ काढून घेतली की लोक कोर्स अर्ध्यावर सोडतात.

कोर्समध्ये नुसत्या गोड गोष्टी नसतात. समजा, मेट्रोत छाती धडधडते, आता अटॅकच येणार असं वाटतं, म्हणून कुणी मेट्रोच सोडली. तर आधी सकाळच्या रिकाम्या गाडीत एकच स्टेशन. मग खापरीपर्यंत. मग संध्याकाळी सहाला सीताबर्डी इंटरचेंजच्या गर्दीत उभं राहायचं. धडधडू द्यायचं, पळायचं नाही. भीती चढते आणि आपोआप उतरते, हे स्वतः अनुभवायचं.

धंतोली समुपदेशक:
मॅडम, तुमचा मेट्रोवाला पेशंट माझ्याकडे रोज येतो. "जाऊन आलो" म्हणतो. ॲपवर टिक पडते. समोर बसवून विचारलं की कळतं, खिशात गोळी होती, हातात पाण्याची बाटली, शेजारी लहान भाऊ. म्हणजे मनात पक्कं काय झालं? "गोळी होती म्हणून वाचलो." भीती होती तिथंच. हे मोबाइलला कसं दिसणार? आणि थायरॉइड वाढल्यानेही धडधड होते, हात थरथरतात. ते समोर बसलेल्यालाच दिसतं.

काटोलवाला:
सर, धंतोलीत बसून बोलणं सोपं आहे. आमच्याकडून एका सेशनला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली, वरून एसटीचं भाडं. आणि गावात बोंब, याला पागलखान्यात नेलं म्हणून. माझ्या वहिनीने 14416 वर, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला तो रात्री, सगळे झोपल्यावर. दवाखान्यात ती कधीच गेली नसती.

आयटीपार्क_परसोडी:
माझा विरोध वेगळ्या कारणाने. ऑनलाइन थेरपी देणाऱ्या बेटरहेल्प या अमेरिकन कंपनीवर लोकांची आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका आला आणि 2023 मध्ये तिला 78 लाख डॉलर मोजावे लागले. मानसिक त्रासावर गप्पा मारणाऱ्या वोबॉट या चॅटबॉटच्या कंपनीने जून 2025 मध्ये ॲपच बंद केलं. त्यावर विसंबलेल्यांनी काय करायचं?

बर्डीची संशोधक:
म्हणूनच मी खाजगी ॲप मागत नाहीये. ऑस्ट्रेलियात माइंडस्पॉट हे ऑनलाइन क्लिनिक सरकारी पैशावर चालतं, तसं काही इथं हवं.

सर, खिशातल्या गोळीचा मुद्दा अगदी बरोबर. पण ती फोनवरही सापडते. "गेलात का?" एवढंच विचारलं तर उत्तर "हो" येणार. "सोबत काय नेलं होतं? ते नसतं तर गेला असता का?" असं विचारायला शिकवावं लागेल. गोव्यात विक्रम पटेल यांच्या चमूने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत अँग्झायटी आणि नैराश्याच्या पेशंटसोबत काम केलं. 2010 मध्ये निष्कर्ष आले, सरकारी केंद्रांत फरक पडला होता.

धंतोली समुपदेशक:
गोव्यातली ती माणसं पेशंटच्या समोर बसत होती, मॅडम. तुम्ही दाखला माझ्याच बाजूचा दिलात. आणि रात्री दोनला कुणी "आता जगायचं नाही" असं ॲपमध्ये लिहिलं, तर जबाबदार कोण?

बर्डीची संशोधक:
रात्रीसाठी 14416 चोवीस तास आहे, पण निव्वळ नंबर देऊन मोकळं होता येणार नाही हे मान्य. पहिली तपासणी ओपीडीतच, थायरॉइडच्या रक्ततपासणीसकट. दर आठवड्याला जीएडी-7, म्हणजे अँग्झायटी किती आहे ते मोजणारी सात प्रश्नांची चाचणी. गुण 15 किंवा जास्त आले, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांचा फोन. फोन करणाऱ्यांना शिकवायला तुम्ही याल का?

धंतोली समुपदेशक:
शिकवायला येईन. पण पहिल्या चार भेटी समोरासमोर, यावरून मी हटणार नाही.

काटोलवाला:
मग त्या चार दिवसांची मजुरी कोण देणार, तेही लिहा ना सर.