ट्रॅम्पिंगला मराठीत काय म्हणावं?

मी वेलिंग्टनला राहते आणि इथल्या एका ट्रॅम्पिंग क्लबाबरोबर शनिवार-रविवार तारारुआच्या डोंगरांत जाते. न्यूझीलंडमध्ये या प्रकाराला ट्रॅम्पिंगच म्हणतात. तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब १९१९ सालचा, देशातला पहिला. पाठीवर दोन दिवसांचं सामान, गुडघाभर चिखल, नदी ओलांडणं आणि रात्री डोंगरातल्या हटमध्ये मुक्काम. 'गिर्यारोहण' म्हणावं तर दोर नसतो, 'सहल' म्हणावं तर आईला वाटतं डबा घेऊन बागेत गेलो. नेमका शब्द कोणता? आणि सॅडल (दोन शिखरांमधला सखल भाग), स्पर (डोंगरमाथ्यापासून खाली उतरणारा फाटा), स्क्री (उतारावरची सुटी खडी) यांना काय म्हणता?

प्रतिसाद

माझं मत 'भटकंती'. इंग्रजीत ट्रॅम्प म्हणजे दारोदार हिंडणारा, ठावठिकाणा नसलेला माणूस. आपल्याकडे 'भटकणे'सुद्धा दूषण म्हणून वापरलं जातं. 'दिवसभर कुठे भटकत होतास?' हे प्रत्येकानं ऐकलेलं असतं. डोंगरात जाणाऱ्यांनी तो शब्द आपलासा केला आणि आज 'भटक्या' अभिमानानं म्हणवून घेतात. दोन्ही भाषांत हिंडण्याच्या शब्दाला अशी दूषणाची छटा आहे, म्हणून मला ही जोडी फार आवडते. गावातल्या गल्ल्यांतही भटकंती होते, तेव्हा हवं तर 'डोंगरभटकंती' म्हणा. १९५४ साली मुंबईत क्लब निघाला त्याचं नाव 'गिरिविहार'. शब्द सुंदर आहे, पण तुमच्या गुडघाभर चिखलाला 'विहार' शोभत नाही. दोर लावून कातळ चढायचा असेल तर प्रस्तरारोहण. बोलताना मात्र आम्ही 'ट्रेकला गेलो' आणि, लिंगाण्याचा सुळका चढून आलो तर, 'लिंगाणा केला' असंच म्हणतो. हे 'करणं' अस्सल मराठी आहे, ते सोडू नका.

प्रतिसाद

भूरूपांचे शब्द गावकऱ्यांकडून घ्यावेत, कोशातून नव्हे. डोंगराचा सलग माथा ती धार. धारेपासून खाली उतरत गेलेला फाटा ती सोंड. हाच तुमचा स्पर. सॅडलला खिंड म्हणता येईल, पण आमच्या कानाला खिंड दोन्ही बाजूंनी आवळलेली वाटते, तुमची पसरट असेल तर शब्द जरा ताणला जाईल. स्क्रीला घसारा. पाय टाकला की खडी निसटते, हे शब्दातच ऐकू येतं.

नाळ म्हणजे कड्यातली दगडगोट्यांनी भरलेली उभी घळ, जिच्यातून घाटमाथा आणि कोकण यांच्यात ये-जा होते. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ ट्रेकरांना ठाऊक असते. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढते ती नळीची वाट. ती एकदा चढलात की इंग्रजीतला गली (gully, घळ) हा शब्द पुरेनासा होतो. आणि पदर! कड्याच्या मधोमध, लुगड्याच्या पदरासारखी आडवी पसरलेली सपाटी. भीमाशंकरच्या खाली पदरगड आहे, त्याच्या नावात तो अजून टिकून आहे. याला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मूळ विचारणारी

भटकंती घेतली. सोंड तर लगेच कामी आली: तारारुआतल्या सदर्न क्रॉसिंग या वाटेवर फील्ड हटकडे चढताना सोंडेवरूनच जावं लागतं. हा हट तारारुआ क्लबानं १९२४ साली बांधला, आजही उभा आहे. हटला झोपडी म्हणवत नाही, 'निवारा' बरा वाटतो.

एक शब्द राहिला. इथे हरणांनी पाडलेल्या वाटा माणसाच्या वाटेसारख्याच दिसतात आणि धुक्यात हमखास चुकवतात.

प्रतिसाद

आमच्याकडे त्या ढोरवाटा. पावसाळ्यात त्यांनी आम्हालाही कितीदा चुकीच्या सोंडेवर उतरवलंय. तुमच्याकडे ढोरांऐवजी हरणं, म्हणजे हरणवाट. शब्द नवा आहे, पण गावकऱ्याला सांगितलात तर लगेच समजेल.