उत्तर: एसएसआयची दोन हजार डॉलरची अट

प्रेषक: माई

नमस्कार मंडळी,
रविवारी ज्येष्ठांचे फॉर्म भरायला बसलो होतो. सीनियर हाउसिंगमध्ये एकट्या राहणाऱ्या एक आजी नोटीस घेऊन आल्या. एसएसआय, म्हणजे कमी मिळकतीच्या ज्येष्ठांना अमेरिकन सरकारकडून दरमहा मिळणारी मदत, बंद! कारण काय, तर एक तारखेला खात्यात दोन हजारांच्या वर शंभर-सव्वाशे डॉलर निघाले. आजींनी काही लपवलं नव्हतं. कवळीसाठी दरमहा थोडे थोडे बाजूला टाकत होत्या, कारण साध्या मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, दातांचं जवळजवळ काहीच बसत नाही. ही दोन हजारांची मर्यादा १९८९ पासून जागची हललेली नाही. नवरा-बायको दोघं असतील तर मिळून तीन हजार. म्हणजे लग्न टिकवल्याचा दंड वेगळाच. मला तर हे कळतच नाही. म्हाताऱ्या माणसाने साठवायचं नाही, उडवायचं?

प्रेषक: खजिनदार

माई, आजींचं वाईट वाटलं, पण रोखठोक लिहितो. सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे निवृत्तीच्या सरकारी पेन्शनसाठी, आपल्या पगारातून ६.२ टक्के कापले जातात, ते आपलं. एसएसआय मात्र सर्वसाधारण करातून जातो. आई-वडिलांना बोलावताना आपण आय-८६४ या हमीपत्रावर सही करतो, की यांचा भार सरकारवर पडणार नाही. ते नागरिक झाले की कायद्याने ती जबाबदारी सुटते. पण मुलगा म्हणून सुटते का? न्यू जर्सीत एडिसनला पाच बेडरूमचं घर, आणि आईला एसएसआय. नावं घेत नाही, आपल्याला ठाऊक आहेत.
सुधारायचंच असेल तर आधी हे सुधारा: भारताशी अमेरिकेचा सोशल सिक्युरिटीचा करार नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर सात-आठ वर्षं कर भरून पुण्याला परतणारा मुलगा, पेन्शनला लागणारे चाळीस क्वार्टर, म्हणजे दहा वर्षं, पुरे झाले नाहीत म्हणून हात हलवत जातो.

प्रेषक: नाना

खजिनदारसाहेब, कराराचं शंभर टक्के मान्य. पण त्याचा राग आजींच्या कवळीवर का?
मुलाकडे राहणाऱ्या आईचा हिशेब नियमात आधीच आहे. राहणं फुकट असेल तर रक्कम कापतात. २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत तर सुनेने वाढलेलं जेवणसुद्धा त्यात धरत होते! ते आता वगळलं. तेव्हा नियम बदलत नाहीत असं कुणी सांगू नये.
आता आकडे बघा. एसएसआय १९७४ मध्ये सुरू झाला तेव्हा एकट्या माणसाला महिना १४० डॉलर, आणि शिल्लक ठेवायची मुभा १५०० ची. म्हणजे दहा महिन्यांहून जास्त बेगमी. २०२५ मध्ये रक्कम ९६७, मुभा २०००. जेमतेम दोन महिन्यांची! महिन्याची रक्कम महागाईप्रमाणे आपोआप वाढते. मर्यादा वाढवायला मात्र इथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करावा लागतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं. मर्यादा दहा हजारांवर नेणारं विधेयक दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून मांडलं होतं. पडून राहिलं. इतर मिळकतीतले वीस डॉलर हिशेबात धरत नाहीत, ते वीससुद्धा १९७४ चेच.
भारतात आपल्याकडे तरी काय मोठं वेगळं आहे? ईपीएस-९५ या नोकरदारांच्या पेन्शन योजनेचं किमान पेन्शन २०१४ साली हजार रुपये ठरवलं आणि वर्षानुवर्षं तिथेच ठेवलं. माझ्या मेहुण्याला तेवढंच मिळतं. तो इथे असता तर ते त्या वीस डॉलरांत आरामात बसलं असतं.
माझं मत सरळ आहे. दहा हजार करा आणि तो आकडा महागाईला बांधून टाका. बंगलेवाल्या मुलांना धरायचं असेल तर खुशाल धरा, त्यासाठी निराळा कायदा करा.

प्रेषक: खजिनदार

नाना, दहा हजारांना माझी हरकत नाही. महागाईला बांधायलाही नाही. पण मग सातबाऱ्याचं काय? गावाकडे तीन एकर असतात आणि फॉर्मवर ‘इतर मालमत्ता’ समोर शून्य. मर्यादा वाढवा, पण खरं लिहा.

प्रेषक: माई

हे मात्र खजिनदार बरोबर बोलले. रविवारी दोघांनी मला हळूच विचारलं, जमीन भावांत सामाईक आहे, लिहायची का? लिहायची. सातबाऱ्यावर नाव असेल तर आपला हिस्सा दाखवावाच लागतो. धरायचा की नाही ते सोशल सिक्युरिटीचं ऑफिस ठरवेल. अंगावर रोज घालायचे दागिने धरत नाहीत, गुंतवणूक म्हणून ठेवलेलं सोनं धरतात. अंत्यविधीसाठी वेगळे ठेवलेले १५०० डॉलरपर्यंत चालतात, पण ते वेगळे दिसले पाहिजेत, त्याच खात्यात मिसळू नका.
आणि डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांसाठी: सलग तीस दिवस देशाबाहेर राहिलात की एसएसआय थांबतो, आणि परतल्यावर इथे सलग तीस दिवस काढल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. मला फोन तिकीट काढायच्या आधी करा. मागच्या वर्षी सगळ्यांनी मुंबईहून केले.