नकाशावर जोडलेलं घर

घरोघरी इंटरनेट पोहोचवण्याच्या धोरणाबद्दल कुणी म्हणतं, "केबल मोजता येते, सहानुभूती मोजता येत नाही, म्हणून ती धोरणात नको." हा मुद्दा मला पटत नाही. केबलही नीट मोजली जात नव्हतीच. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या जुन्या फॉर्म ४७७ मध्ये (इंटरनेट कंपन्या आपली सेवा कुठे पोहोचते ते यात कळवत) जनगणनेच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या छोट्या भागातल्या, एका जरी ठिकाणी सेवा देता येत असली, तरी अख्खा ब्लॉक जोडलेला धरत. उरलेली घरं नकाशावरून गायब! त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

इंटरनेट कुणापर्यंत पोहोचत नाही, याच्या पाहणीचा फॉर्म ऑनलाइन ठेवला की ज्यांच्यासाठी पाहणी, नेमके तेच गळतात. कागदावर, फोनवर, वाचनालयात विचारा. 'इंटरनेट आहे का?' एवढ्यावर थांबू नका. एक फोन किती जण वापरतात? डेटा कधी संपतो? अर्ज कुठल्या पायरीवर अडतो? ओटीपी मुलाच्या फोनवर जात असेल, तर तो कामावरून येईपर्यंत आईचा अर्ज तसाच पडून राहतो. तिथे वेग दुप्पट करूनही काही होत नाही.

पैशाचंही तेच. अमेरिकेतली एसीपी ही सरकारी योजना बहुतेक पात्र कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरपर्यंत सवलत देई. निधी संपून ती १ जून २०२४ला बंद झाली. सवलत थांबली तर घरचे आधी काय बंद करतील, हा प्रश्न योजना आखतानाच विचारायला हवा.