पदवीधर मतदारसंघाची नोंदणी : चौदा दिवसांत मराठवाड्याचे आठ जिल्हे फिरण्याचा आमचा आराखडा योग्य आहे का?

दुधनाकाठ

नमस्कार. परभणीतले आम्ही सहा जण, चार मुलगे आणि दोन मुली, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या मतदार नोंदणीसाठी पुढच्या आठवड्यात दौऱ्यावर निघत आहोत. ज्यांच्या वर्गात आम्ही शिकलो ते आमचे निवृत्त प्राध्यापक अपक्ष म्हणून उभे राहणार आहेत. त्यांच्यामागे पक्ष नाही, साखर कारखाना नाही आणि शिक्षणसंस्थाही नाही. गाडी आमच्यातल्या एकाच्या वडिलांची जुनी बोलेरो आहे, डिझेल वर्गणीतून भरायचे आहे आणि वेळ आमचा स्वतःचा आहे.

आराखडा असा आहे. जिंतूर, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, हदगाव, हिमायतनगर करत किनवट आणि माहूरपर्यंत जायचे. तिथून भोकरमार्गे नांदेड, पुढे देगलूर, उदगीर, लातूर, औसा, तुळजापूर, धाराशिव, परंडा, भूम, पाटोदा, आष्टी, बीड, गेवराई, अंबड, जालना, भोकरदन, सिल्लोड, कन्नड आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर. वाटेत आजूबाजूचे तालुकेही घ्यायचे आहेत, कारण मराठवाड्यातल्या ७६ तालुक्यांपैकी एकही सुटू नये अशी सरांची इच्छा आहे. प्रत्येक ठिकाणी पत्रके वाटायची, नमुना १८ चे, म्हणजे पदवीधर मतदार नोंदणीचे, अर्ज भरून घ्यायचे, ते गाडीत जमा करायचे आणि शेवटच्या दिवशी विभागीय आयुक्त कार्यालयात एकदम दाखल करायचे, असे ठरले आहे.

मला स्वतःला पदवी मिळून दोनच वर्षे झाली असल्यामुळे या वेळी मतदान करता येणार नाही. तरीही हे काम मनापासून करायचे आहे. ज्यांनी पूर्वी अशा निवडणुकीत काम केले आहे त्यांनी या आराखड्यात काय चुकते आहे ते स्पष्ट सांगावे. पुण्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या आमच्याकडच्या मुलांची नावे इथे नोंदवता येतील का, हेही कळवावे.

गोदातीर

आपण निघण्याआधी विचारले हे फार चांगले केले, कारण आपल्या आराखड्यातली एक गोष्ट सगळा दौरा वाया घालवू शकते. राजकीय पक्षाने किंवा कार्यकर्त्यांनी गोळा करून आणलेले अर्जांचे गठ्ठे स्वीकारले जात नाहीत. अर्ज पदवीधराने स्वतः द्यायचा असतो. एका घरातली व्यक्ती घरातल्या इतरांचे अर्ज देऊ शकते आणि संस्थाप्रमुख आपल्या संस्थेतल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवू शकतो. ज्या उमेदवाराच्या हाताशी पन्नास शाळा-महाविद्यालये आहेत त्याची नोंदणी निम्मी का सोपी होते, हे एवढ्यावरून लक्षात येईल. आपल्या सरांना तो मार्ग नाही, म्हणूनच आपल्या सहा जणांच्या हातून काय होते याला महत्त्व आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०२० च्या निवडणुकीसाठी १ नोव्हेंबर २०१९ या अर्हता दिनांकावर (म्हणजे पात्रता ज्या दिवशी मोजतात त्या दिवसावर) याद्या झाल्या, तेव्हा आम्ही पाच मित्र असेच जीप घेऊन निघालो होतो. २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते, त्यामुळे तहसीलमधली माणसे त्या कामात बुडालेली होती. त्यानंतर दिवाळीत परतीच्या पावसाने असा तडाखा दिला की काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजींना शेतातच कोंब फुटले. ज्या पदवीधरांकडे आम्ही अर्ज मागायला जात होतो ते गुडघाभर चिखलात उभे राहून ताडपत्र्या ओढत होते. तरीही लोकांनी आम्हाला अर्ज भरून दिले. दोनशेच्या वर अर्ज आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पावसात भिजू नयेत म्हणून मधल्या आसनाखाली जपून ठेवले, आणि एका कार्यालयाच्या खिडकीवर नेऊन ठेवल्यावर तो गठ्ठा जसाच्या तसा परत मिळाला. पुन्हा त्या दोनशे लोकांच्या दारात जाण्याइतके दिवस उरलेच नव्हते. त्यातल्या कितीतरी जणांना पुढे वर्षभराने मतदानाच्या दिवशी केंद्रावर गेल्यावर कळले की आपले नाव यादीत नाही. एकाने मला फोन करून एवढेच विचारले की, 'अर्ज तर तुम्हीच नेला होता ना?' त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ७६ तालुक्यांचा हट्ट सोडावा. चौदा दिवसांत ७६ म्हणजे रोज पाच-सहा तालुके होतात. एवढ्या वेळात चौकात गाडी उभी करून पत्रके वाटणे होईल, पण एकाही माणसाला तहसील कार्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचवणे होणार नाही. त्याऐवजी नऊ-दहा तालुके निवडा आणि प्रत्येक ठिकाणी सबंध कामकाजाचा दिवस थांबा. दोघांनी तहसीलच्या आवाराबाहेर झाडाखाली बसून लोकांना अर्ज भरायला मदत करावी, दोघांनी अभ्यासिका, बँका, दवाखाने, वकिलांच्या बैठकीच्या खोल्या इथे फिरून माणसे तिकडे पाठवावीत आणि उरलेल्या दोघांनी आसपासच्या मोठ्या गावांतून लोकांना गाडीने न आणता, फोन करून वेळ ठरवून बोलवावे. गाडीने ने-आण करण्यावरून पुढे तक्रारी होतात, त्या वाटेला जाऊ नका.

पुण्यातल्या मुलांबद्दल : पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे याला महत्त्व नाही, मतदारसंघात सर्वसाधारण वास्तव्य असणे ही अट आहे. जो मुलगा खरोखर गावी राहतो आणि परीक्षेपुरता पुण्याला जातो त्याने इथे अर्ज करावा. जो पाच वर्षे तिथेच राहतो त्याने पुणे विभागात नोंदणी करावी. मते वाढावीत म्हणून कोणालाही चुकीचा पत्ता लिहायला सांगू नका. अर्जावरच्या प्रतिज्ञेखाली सही त्याची असते, आपली नसते.

बालाघाट

गोदातीर यांचा गठ्ठ्यांबद्दलचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, पण तालुके कमी करण्याबद्दल मी पूर्ण सहमत नाही. ज्याच्यामागे पक्ष आहे त्या उमेदवाराला दहा तालुके परवडतात, कारण उरलेल्या ठिकाणी त्याची माणसे आधीपासून बसलेली असतात. अपक्षाचे नाव कोणाच्या कानावरूनही गेलेले नसते. त्यातून या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. कमळ, हात, घड्याळ, मशाल यांतले काहीही तिथे दिसत नाही, उमेदवाराच्या नावापुढे मतदाराने स्वतःच्या हाताने आकडा लिहायचा असतो. नाव लक्षात नसेल तर लांबलचक यादीत ते शोधणार कोण? आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला परभणीचे सर माहीत असण्याचे काही कारण नाही. आमच्या भागात तर अशी भावनाच आहे की उमेदवार आणि त्याची माणसे संभाजीनगर-जालन्यापलीकडे येतच नाहीत.

तेव्हा मी असे सुचवेन की दौरे दोन करा. आताचा दौरा फक्त नोंदणीचा असावा आणि तो गोदातीर म्हणतात तसा थांबत थांबत करावा. दुसरा दौरा निवडणूक जाहीर झाल्यावर करावा, तो भले धावता असला तरी चालेल, पण तो सगळीकडे गेला पाहिजे. त्या दुसऱ्या दौऱ्यात पत्रकांपेक्षा मत कसे द्यायचे हे शिकवणे अधिक गरजेचे आहे. यंत्रावरचे बटण दाबण्याची सवय झालेला माणूस पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेपुढे गोंधळतो. केंद्रात दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच लिहायचे, ज्याला पहिली पसंती त्याच्यापुढे १ हा आकडा लिहायचा, वाटल्यास दुसऱ्यापुढे २ आणि तिसऱ्यापुढे ३. 'एक' असे अक्षरात लिहिले, बरोबरची खूण केली, सही केली किंवा दोघांपुढे १ लिहिला की मत बाद होते. १ डिसेंबर २०२० च्या मतदानात आपल्याच मतदारसंघात मते हजारोंच्या संख्येने बाद ठरली, आणि ती सगळी शिकलेल्या माणसांची होती. मला त्या गोष्टीचे आजही वाईट वाटते.

आम्ही त्या वेळी केजच्या एका अभ्यासिकेत फळ्यावर खडूने मतपत्रिका काढली होती. नावांच्या जागी फळांची नावे लिहिली आणि एकेकाला पुढे बोलावून पसंती लिहायला सांगितले. पहिल्या दहा जणांपैकी चौघांनी खूण केली. त्यातला एक तर दोन वेळा राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिलेला होता. अर्ध्या तासात सगळ्यांना पक्के समजले, आणि मग त्याच मुलांनी आपापल्या घरी जाऊन मोठ्या भावंडांना शिकवले.

पैनगंगा

मी किनवट भागात राहते आणि शिक्षिका आहे, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट बायकांच्या नोंदणीची. माझ्या ओळखीच्या कितीतरी पदवीधर बायकांचे नाव यादीत नाही, आणि त्याचे कारण निरुत्साह हे नाही. पदवी माहेरच्या नावाची असते, आधार कार्ड सासरच्या नावाचे असते, आणि दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद हाताशी नसतो. लग्नाची नोंदणी केलेली असेल तर तो दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र बरोबर आणायला आधीच सांगा, म्हणजे त्यांचा हेलपाटा वाचेल. दीक्षान्त प्रमाणपत्र विद्यापीठातून कधी आणलेच नाही, म्हणून आपण अपात्र आहोत असेही अनेकींना वाटते. पदवीच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका चालते, मात्र तिची प्रत साक्षांकित करून लागते आणि मूळ प्रत पडताळणीसाठी जवळ असावी लागते.

मागच्या नोंदणीत मी एका घरी गेले होते. घरातल्या सुनेने बी.ए. केले आहे हे तिच्या सासूलाच ठाऊक नव्हते. सुनेने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तिच्यातले लग्नातले शालू बाजूला केले आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुणपत्रिका काढून दिली. कागदाच्या घड्या पडून चार तुकडे व्हायच्या बेतात होते. ती स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची प्रथम श्रेणी होती. सासूबाईंनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिला घेऊन तहसीलला आल्या. अशा घरात फक्त मुलगे गेले असते तर ओसरीवरूनच परतले असते, तेव्हा तुमच्या दोन्ही मुलींना एकत्र न ठेवता प्रत्येक तुकडीत एक मुलगी राहील असे पाहा.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. हिमायतनगर ते किनवट आणि पुढे माहूर हा प्रवास अंधार पडल्यावर करू नका, कारण रस्ता जंगलातून जातो आणि वाटेत मोबाइलची रेंज पुष्कळ ठिकाणी जाते. लॉजवर राहण्यापेक्षा ओळखीच्या कुटुंबात राहा. मुलींच्या घरी रोज संध्याकाळी मुक्कामाचे ठिकाण कळवण्याची जबाबदारी एकाच मुलावर टाका, म्हणजे 'मला वाटले त्याने कळवले असेल' असे होणार नाही. किनवटला आमच्या घरी सहा जणांची सोय होईल. ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा एवढी तयारी मात्र गृहीत धरून या.

दुधनाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री आम्ही सरांच्या घरी बसून हे सगळे त्यांना वाचून दाखवले. गठ्ठे स्वीकारले जात नाहीत हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. ७६ तालुक्यांचा आग्रह सरांनी सोडला, पण सहज सोडला नाही. 'ज्या तालुक्यात आपण जाणार नाही तिथल्या माणसाला वाटेल की याला आपली गरज नाही' असे ते म्हणाले, आणि बालाघाट यांचा दोन दौऱ्यांचा मार्ग वाचल्यावरच त्यांना पटले.

आता असे ठरले आहे की या वेळी दहा तालुके करायचे आणि प्रत्येक ठिकाणी कार्यालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत थांबायचे. शनिवार-रविवारी कार्यालये बंद असतात, तेव्हा ते दिवस गावांमध्ये कागद तपासून देण्यासाठी ठेवले आहेत. सोयाबीनची काढणी चालू असल्यामुळे दिवसा माणसे घरी भेटणार नाहीत, म्हणून सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी मळणीयंत्र थांबल्यावर भेटी घ्यायच्या आहेत. गाडीत अर्ज ठेवायचे नाहीत, फक्त एक वही ठेवायची, आणि तिच्यात नाव, गाव, कोणता कागद कमी आहे आणि अर्ज दिल्याची पोच मिळाली की नाही एवढेच लिहायचे. यादीचे प्रारूप प्रसिद्ध झाले की त्याच वहीवरून प्रत्येकाचे नाव तपासून त्याला फोन करायचा, हे काम मी मागून घेतले आहे.

एक शंका उरली आहे. ज्याचे नाव २०२० च्या यादीत होते त्यालाही पुन्हा अर्ज करावा लागतो का? आमच्या गल्लीतले बरेच ज्येष्ठ लोक 'आमचे नाव आहेच' असे म्हणून विषय संपवतात.

गोदातीर

होय, करावा लागतो. विधानसभेच्या यादीसारखी ही यादी पुढे चालत नाही, ती दर वेळी कोरी करून नव्याने तयार होते. २०२० मध्ये मत दिलेल्या माणसाचे नावही आपोआप येत नाही. हे वाक्य पत्रकाच्या पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात छापा आणि निघण्याआधी दोन दिवस आपल्या स्वतःच्या गल्लीतच घालवा.

पैनगंगा

किनवटला कोणत्या तारखेला पोहोचाल ते कळवा. इथल्या एका अभ्यासिकेचा फळा मी त्या संध्याकाळसाठी मागून ठेवते, आणि त्या घरच्या सूनबाईंनाही बोलावते. या वेळी इतर बायकांचे अर्ज भरायला आपण बसू असे त्या स्वतःहून म्हणाल्या आहेत.