पोर्ट्रेट रिटच करताना चेहरा प्लास्टिकचा न होता डाग कसे घालवायचे?

शिकाऊ_उमेदवार

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. मावशीचा एक फोटो आहे, खिडकीच्या उजेडात काढलेला, उजेड डावीकडून येतोय, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) हाताशी आहे. तिला तो ८ बाय १० इंचात प्रिंट करून फ्रेम करायचाय. हसू एकदम खरं आलंय म्हणून हाच फोटो पाहिजे, पण गालावर पुटकुळ्या आहेत, डोळ्यांखाली काळं दिसतंय आणि सावलीच्या बाजूला ते जास्तच दिसतंय, कपाळ चकाकतंय आणि नाकाच्या आजूबाजूला लालसरपणा आहे.

मी गिम्प (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) वापरतो. व्हिडिओ बघायला बसावं तर अर्धे लोक सांगतात लेयर (फोटोचा थर) डुप्लिकेट करा, ब्लर मारा, मास्क (थर कुठे दिसेल, कुठे झाकला जाईल ते ठरवणारा) लावा, झालं. त्याने डाग जातात पण चेहराही जातो. बाकीचे अर्धे फ्रिक्वेन्सी सेपरेशनच्या (पोत आणि रंग वेगळे करायची रीत) मागे लागलेत आणि त्यात रेडियस (ब्लर किती पिक्सेलचा) कोणी ४ सांगतं कोणी १०. क्रम नक्की काय ठेवायचा? आणि कुठे थांबायचं हे तुम्ही कसं ठरवता? हनुवटीवर एक तीळ आहे, तो ठेवू की काढू?

सावलीप्रेमी

तीळ ठेवा. मी तरी एकच नियम पाळते, जे दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते काढायचं, जे कायम राहणार आहे ते ठेवायचं. पुटकुळी, ओरखडा, फाटलेला ओठ, डोळ्यात आलेली लाल शीर हे सगळं काढा. तीळ, व्रण, हसताना पडणाऱ्या रेषा राहू द्या, आणि मावशीला एकदा विचारा, चेहरा तिचा आहे. व्रण काढ म्हणाली तर काढा, वाद घालू नका.

आता क्रम. आधी रॉमध्येच एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स नीट करून घ्या, कारण बऱ्याचदा जो डाग वाटतो तो चुकीच्या रंगामुळे उठून दिसत असतो. तिथे नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणं) मात्र जपून, ल्युमिनन्सचा (उजळपणाचा) स्लायडर जास्त ओढला की त्वचेची छिद्रं तिथेच पुसली जातात आणि मग नंतर तुम्ही कितीही कौशल्य दाखवा, पोत परत येत नाही.

मग गिम्पमध्ये मूळ लेयरची डुप्लिकेट घ्या आणि तिच्यावर हील टूल (सोर्सची त्वचा डागावर आणून आजूबाजूच्या रंगात मिसळणारं). ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा ठेवा, कंट्रोल दाबून क्लिक केलं की सोर्स ठरतो, आणि हा सोर्स अगदी शेजारचा घ्या. गालावरच्या पुटकुळीला गालाचीच त्वचा पाहिजे, कपाळाची नको, कारण छिद्रांचा आकार चेहऱ्यावर जागोजागी बदलतो, नाकावर मोठी असतात, डोळ्यांखाली जवळजवळ नसतातच. लांब ब्रश ओढू नका, एकेक टिचकी मारत चला. आणि भुवईजवळ, केसांच्या कडेला किंवा ओठाच्या रेषेला लागून काही असेल तर हील वापरू नका, तो शेजारचा गडद रंग आत ओढतो आणि तिथे धुरकट ठिपका पडतो. तिथे साधं क्लोन (सोर्सची जशीच्या तशी कॉपी करणारं टूल) घ्या, मऊ कडेऐवजी थोडा कडक ब्रश.

फोटोशॉपवाल्यांनी हे रिकाम्या लेयरवर करावं, सॅम्पल करंट अँड बिलो ठेवून. गिम्पमध्ये रिकाम्या लेयरवर हील धड चालत नाही म्हणून डुप्लिकेट सांगितली.

जुना_रिटचर

वरचं सगळं बरोबर आहे, क्लोनबद्दलचं तर दोनदा वाचा. हीलिंग ब्रश २००२ साली फोटोशॉप ७ मध्ये आला, त्याच्या आधी आम्ही सगळं क्लोन स्टॅम्पवरच करायचो, ओपॅसिटी कमी ठेवून थर चढवत, त्यामुळे हात आपोआप हलका व्हायचा. आता एका क्लिकमध्ये होतं म्हणून लोक थांबतच नाहीत.

रेडियसचं सांगतो. फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये फोटो दोन भागांत फोडतात, खालच्या लेयरवर ब्लर करून फक्त रंग आणि उजेड-सावली राहते, वरच्या लेयरवर छिद्रं, बारीक केस, रेषा म्हणजे पोत. आता ब्लर किती करायचा हा आकडा तुमच्या फोटोत चेहरा किती पिक्सेलचा आहे त्यावर अवलंबून असतो, व्हिडिओतल्या माणसाच्या फोटोवर नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो. चेहरा फ्रेमभर असेल तर ८-१० लागेल, पूर्ण उभा माणूस असेल आणि चेहरा ५०० पिक्सेलचाच असेल तर २ सुद्धा पुष्कळ. म्हणून आकडा पाठ करू नका, १०० टक्के झूमवर गालाकडे बघत स्लायडर वाढवत जा, छिद्रं दिसेनाशी होतात तिथे थांबा, तोच तुमचा आकडा.

फोटोशॉपमध्ये ८ बिटला अप्लाय इमेज मध्ये सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८, आणि वरच्या लेयरचा मोड लिनिअर लाइट. १६ बिटला वेगळं, तिथे अ‍ॅड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २ ऑफसेट ०. हे उलटसुलट झालं की फोटोचा रंगच बदलतो आणि लोक तासभर डोकं खाजवतात. गिम्पमध्ये या भानगडीत पडायची गरजच नाही, २.१० पासून फिल्टर्समध्ये एन्हान्सच्या खाली वेव्हलेट डिकंपोझ आहे. ते पाच थर आणि एक रेसिड्युअल (उरलेला ढोबळ रंग-उजेडाचा थर) असं फोडून देतं, थर ग्रेन मर्ज मोडमध्ये आपोआप लागतात. स्केल १ आणि २ म्हणजे अगदी बारीक पोत, त्याला हात लावायचा नाही. ढोबळ धब्बे ४, ५ आणि रेसिड्युअलमध्ये असतात, तिथे हील किंवा अगदी हलका ब्लर.

एक_मेगापिक्सेल

मंडळी एवढं करण्यापेक्षा मावशीला दोन आठवड्यांनी परत खिडकीत बसवा 😄

शिकाऊ_उमेदवार

हसू तसंच येईल याची गॅरंटी तुम्ही घेता का 😄

वेव्हलेट करून बघितलं, पुटकुळ्यांच्या भोवतीचा लालसर गोल बऱ्यापैकी गेला आणि छिद्रं जागेवर आहेत, भारीच प्रकार आहे. पण डोळ्यांखालचं जमत नाहीये. रेसिड्युअलवर सारखं केलं की ती जागा सपाट दिसते, जणू डोळ्याखाली हाडच नाही. कपाळाच्या चकाकीचंही तसंच, गडद केली की राखाडी डाग पडतो.

गिम्पवाली

मी इथे थोडी भांडणार आहे. फ्रिक्वेन्सी सेपरेशन काय वेव्हलेट काय, खालच्या थरावर तुम्ही जे सपाट करता त्यात चेहऱ्याचा आकारही असतो. उजेड-सावलीमुळेच तर गाल गोल दिसतो. तो थर गुळगुळीत केला की छिद्रं कितीही शाबूत असली तरी चेहरा खोटाच दिसतो. छिद्रं आहेत म्हणजे रिटचिंग चांगलं हा गैरसमज या तंत्रानेच पसरवलाय. पुटकुळीभोवतीच्या लालसर गोलासाठी ठीक आहे, त्याच्या पुढे मी ते वापरत नाही.

डोळ्यांखाली डॉज अँड बर्न (हाताने थोडं थोडं उजळ-गडद करणं) करा. वेळ लागतो पण दुसरा रस्ता नाही. गिम्पमध्ये सोपी रीत, आतापर्यंतचं काम झालं की न्यू फ्रॉम व्हिजिबल (जे दिसतंय त्याची एक नवी लेयर) करून त्याची कॉपी घ्या, कर्व्हजने (उजेड-सावली कमीजास्त करायचं टूल) थोडी उजळ करा, काळा लेयर मास्क लावा, आणि मास्कवर पांढऱ्या मऊ ब्रशने ५-१० टक्के ओपॅसिटी ठेवून रंगवा. गडद करायला तशीच दुसरी लेयर. आता मुख्य गोष्ट, सगळा खळगा रंगवायचा नाही. डोळ्याखाली नीट बघितलं तर एक फुगीर भाग असतो आणि त्याच्या खाली सावलीची एक बारीक चंद्रकोर असते, नाकाच्या बाजूला सगळ्यात गडद आणि बाहेर जाताना फिकट. फक्त ती चंद्रकोर उचला, तीही अर्धीच. पूर्ण घालवली की माणूस ओळखू येत नाही. सावलीच्या बाजूचा डोळा उजेडातल्या डोळ्याइतका उजळ करायला तर अजिबात जाऊ नका, उजेड डावीकडून आहे हे विसरून चालणार नाही.

काम करताना सगळ्यात वर एक काळी भरलेली लेयर ठेवा, मोड एलसीएच कलर. फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसेल आणि धब्बे लगेच कळतील, कारण रंग डोळ्याला फसवतो. काम झालं की ती बंद करायची.

रंगाचं वेगळं. डोळ्याखालचं काळं बऱ्याचदा काळं नसतंच, निळसर-जांभळं असतं, आणि तुम्ही नुसतं उजळ करता म्हणून ते राखाडी दिसतं. नवी लेयर घ्या, मोड एचएसएल कलर, गालावरचा चांगला रंग पिकरने उचला आणि १०-१५ टक्क्यांनी त्या भागावर फिरवा. नाकाच्या लालसरपणालाही हीच युक्ती. पण ओठाच्या जवळ आणि कानावर नको, तिथला लालपणा जिवंतपणाचा असतो, तो काढला की माणूस आजारी दिसतो.

जुना_रिटचर

भांडण मान्य 😊 खालच्या थरावर लोक लासोने भलामोठा भाग पकडून ब्लर मारतात तेव्हा तुम्ही म्हणता ते होतंच. छोट्या जागा, छोटा ब्लर एवढंच माझं म्हणणं होतं.

कपाळाच्या चकाकीचं आधी एक तपासा. पिकर (रंगाचे आकडे दाखवणारं टूल) चकाकीच्या मधोमध ठेवा, तिन्ही चॅनलला (लाल, हिरवा, निळा) २५५ म्हणजे कमाल आकडा येतंय का? येत असेल तर तिथे माहितीच शिल्लक नाही, गडद केलं की राखाडी होणारच, पांढऱ्याला गडद केल्यावर दुसरं काय होणार. रॉ आहे म्हणताय तर तिकडे परत जा आणि हायलाइट्स खाली आणून बघा, बऱ्याचदा थोडी त्वचा परत मिळते. जेपेगवर ही सोय नसते.

तरी उरलंच तर क्लोन टूलचा मोड डार्कन ओन्ली करा, ओपॅसिटी १५-२० टक्के, सोर्स चकाकीच्या लगतची नॉर्मल त्वचा. डार्कन असल्यामुळे जे आधीच गडद आहे त्याला धक्का लागत नाही, फक्त उजळ ठिपके खाली येतात, आणि त्वचेचा रंग आणि छिद्रं दोन्ही सोबत येतात म्हणून राखाडी दिसत नाही. पण सगळी चकाकी मारू नका, कपाळाला गोलाई तिच्यामुळेच आहे.

हौशी_क्लिक

मधेच विचारतो, माझ्याकडे फक्त मोबाइलचा सेल्फी आहे आणि त्यात छिद्रं आधीपासूनच दिसत नाहीत. मग हे सगळं कसं करायचं?

सावलीप्रेमी

@हौशी_क्लिक तुमच्या फोनमध्ये ब्युटी मोड चालू असणार, किंवा कमी उजेडात फोनने स्वतःच गुळगुळीत केलं असणार. नाही तिथे छिद्रं आणता येत नाहीत, वेव्हलेटही काही देणार नाही. फार तर शेवटी सगळ्या फोटोवर किंचित ग्रेन टाका म्हणजे त्वचा आणि कपडे यांच्यातला फरक कमी जाणवतो. पुढच्या वेळी ब्युटी मोड शून्यावर करा आणि फोन चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नका, वाइड लेन्स जवळून नाक मोठं दाखवते आणि मग लोक ते लिक्विफायने (आकार ओढून-दाबून बदलणारं टूल) बारीक करत बसतात.

@शिकाऊ_उमेदवार दात आणि डोळे राहिलेच. दात पांढरे करायचे नाहीत, पिवळा कमी करायचा, ह्यू-सॅच्युरेशनमध्ये यलो निवडून सॅच्युरेशन खाली, उजळपणा अगदी नावापुरता वर. डोळ्यातला पांढरा भाग कधीच कागदासारखा पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते, ती ठेवा, नाहीतर डोळे चिकटवल्यासारखे दिसतात.

एक_मेगापिक्सेल

आता सिरीयसली. आमच्याकडे सगळेच सांगतात एकदम स्मूद करून द्या, सुरकुती दिसली तर फोटो परत येतो. तुमचे हे नियम गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

गिम्पवाली

गिऱ्हाइकाला नियम सांगू नका, दोन फोटो दाखवा. रिटचची सगळी लेयर एका ग्रुपमध्ये टाकायची, एक प्रत १०० टक्क्यांवर, एक ६० वर, कुठली कोणती ते सांगायचं नाही. माझ्याकडे बहुतेक जण ६० वाली उचलतात. तरी कोणाला १०० पाहिजे असेल तर द्या, घरच्या भिंतीवरचा फोटो आहे. जाहिरातीचं काम असेल तर मात्र देशाचा कायदा बघा, नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत माणसाचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लेबल लावावं लागतं.

शिकाऊ_उमेदवार

रॉमध्ये हायलाइट्स खाली आणल्यावर कपाळाची त्वचा परत आली, क्लोनची फारशी गरजच पडली नाही. चंद्रकोर पण अर्धी उचलली, आता मावशी झोप झालेली मावशी दिसतेय. तीळ ठेव म्हणाली, वर मला ओरडली की विचारलंसच कसं. प्रिंटसाठी शेवटी काय काय बघायचं?

जुना_रिटचर

मावशी हुशार आहे. ८ बाय १० ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, तुमच्याकडे क्रॉप करूनही भरपूर आहेत. लेयरवाली एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची) फाइल वेगळी सांभाळा, कॉपी सपाट करून लहान करा, आणि शार्पनिंग त्याच्यानंतर, आधी नाही. डोळे, भुवया, केस, ओठ एवढ्यालाच मास्क लावून शार्प करा, गालाला केलंत तर आत्ता घालवलेलं सगळं परत वर येईल. लॅबने दुसरं काही सांगितलं नसेल तर एसआरजीबी या कलर प्रोफाइलमध्ये द्या. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल असेल तर आधी खाली आणा, नाहीतर प्रिंट काळपट येतो आणि लोक लॅबला शिव्या देतात. आणि पूर्ण प्रिंट टाकायच्या आधी नुसत्या चेहऱ्याचा एक छोटा तुकडा त्याच कागदावर काढून खिडकीच्या उजेडात बघा, डोळ्याखाली अजून एखादा टक्का कमीजास्त करायचा असेल तर तिथेच कळेल.