चिहुआहुआची पिल्लं: काढली, नाही काढली, जे भोगलं ते लिहा

छत्रपती संभाजीनगरहून:

नावापासूनच पंचाईत. मी चिहुआहुआ म्हणते, शेजारी चिवावा, सासूबाई सरळ ‘चिवडा’. मूळ मेक्सिकोतलं कुत्रं, तिथल्या राज्याचंच नाव त्याला पडलंय. आपल्याकडं कारवानीसारखी लांब टांगांची कुत्री बघायची सवय. हे दोन-अडीच किलोचं प्रकरण दारात दिसलं की माणसं थांबतात आणि दुसऱ्याच वाक्यात विचारतात, “पिल्लं कधी काढणार? लई भाव हाय म्हणे.”

आमची चिवडी तीन वर्षांची. चालता चालता मधेच मागचा एक पाय उचलून उड्या मारायची, दोन पावलांनी परत नीट. आम्ही नखरे समजून व्हिडिओ काढायचो! गुडघ्याची वाटी सरकत होती, दोन्ही पायांत. डॉक्टर म्हणाले, हा दोष बहुतेकदा वंशातून येतो, हिची पिल्लं घेऊ नका. नसबंदीचं ठरवलंय. ज्यांनी पिल्लं काढली त्यांनीही लिहा, काही हातचं न राखता.

परभणीहून:

ताई, मी काढली. पहिल्याच माजाला, नऊ महिन्यांची असताना. भाव ऐकून डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू.

साधारण 63 दिवसांचा गाभण काळ. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. दीड वाजला तरी काही नाही. या जातीत पिल्लाचं डोकं मोठं, आईची वाट अरुंद, त्यामुळे पिल्लू अडकतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. जोराच्या कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर थांबायचं नसतं. मी अडीच तास थांबलो. सिझर झालं. दोन पिल्लं होती, एक गेलं.

खरी चूक पुढंच आहे. आमच्याकडं म्हशी. व्यायल्यावर म्हैस थंड पडून बसते, कॅल्शियमची बाटली लावली की उठते, हे लहानपणापासून बघितलेलं. म्हणून हिला गाभणपणातच कॅल्शियमचं औषध पाजत राहिलो. बाहेरून आयतं मिळत गेलं की हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणणारी ग्रंथी सुस्तावते आणि दूध सुरू झाल्यावर ऐनवेळी कामाला येत नाही. सोळाव्या दिवशी ती धापा टाकायला लागली, पाय ताठ, अंगभर झटके, ताप. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं तेव्हा शांत झाली. पिल्लाला पुढं वरचं दूध पाजलं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

परत नाही काढली.

नांदेडहून:

थोडक्यात सांगतो. गोचिड झाले म्हणून बैलाला लावायचं अमिट्राझ पाण्यात कालवून कुत्र्याला पुसलं. दोन तासांत झिंगल्यागत पडलं, अंग गार. डॉक्टर म्हणाले, हे औषध चिवावाला चालतच नाही. वाचलं. गोठ्यातली बाटली गोठ्यातच राहू द्या.

लातूरहून:

आमचं ‘टीकप’ म्हणून घेतलेलं. टीकप अशी वेगळी जात नाहीच, हे नंतर कळलं. खुजी, अशक्त किंवा वयाआधीच आईपासून तोडलेली पिल्लं या नावानं विकतात. आमचं पाच आठवड्यांचं, 350 ग्रॅम. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही असा 2017 चा केंद्राचा नियम आहे. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मान टाकून पडलेलं. आई म्हणाली, “थंडीनं कापायलंय, गोधडी घाल.” थंडी नव्हती, साखर उतरली होती. इतक्या लहान जिवाच्या अंगात साठाच नसतो, एक खाणं चुकलं तरी घसरतं. हिरड्यांना मध चोळून तसंच दवाखान्यात पळवलं. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी-दूध ओतू नका, फुप्फुसात जातं. पुढं तीन महिने दर चार तासांनी भरवलं.

आईनं टाळूवर बोट ठेवलं तर मऊ. म्हणाली, “भरली नाही अजून,” आणि बाळाला घालतात तसं तेल घालायला निघाली! या जातीत बऱ्याच कुत्र्यांची टाळू जन्मभर उघडी राहते, तो एवढ्यावरून आजार नव्हे. पण डोकं फुगत चाललं, चाल झोकांड्यांची झाली तर मेंदूत पाणी साठलंय का ते बघावं लागतं. आमचं ठीक निघालं.

बीडहून:

गळ्यात पट्टा बांधू नका, छातीचा घाला. श्वासनलिका नाजूक असते. आमचा बदकासारखा खोकायचा, पट्टा बदलला आणि निम्मा खोकला गेला. आणि सहा-सात महिन्यांनी तोंड उघडून बघा, दुधाचा दात तसाच आणि शेजारी पक्का दात असं दिसलं तर काढून घ्या.

जालन्याहून:

मी पिल्लं देतो, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करून. शिव्या पडतील म्हणून लिहू का नको असं चाललं होतं.

मादी दोन वर्षांची होईपर्यंत मी थांबतो. नियम 18 महिन्यांचा आहे. नर तिच्याहून हलका निवडतो. दोघांचे गुडघे आणि हृदय तपासतो. चट्ट्यापट्ट्यांच्या मर्ल रंगाला गिऱ्हाईक खूप, पण दोन मर्ल एकत्र आणले की चारांतल्या एका पिल्लात तो गुण दुहेरी येऊ शकतो, आणि ते बहिरं किंवा आंधळं निघण्याचा धोका असतो. मी मर्ल ठेवतच नाही. पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे, पिल्लं किती आणि डोकी केवढी ते दिसतं. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप बघायचा. 99 फॅरनहाइटच्या खाली गेला की बहुधा चोवीस तासांत व्यायची. उन्हाळ्यात पिल्लं येतील असं लावत नाही. 43 अंशांत वीज गेली तर आईच टिकत नाही, पिल्लांचं काय घेऊन बसलात.

यातून पैसा? सिझरच्या वर्षी उलट खिशातून जातो. घेणाऱ्याला जमलं नाही तर कुत्रं परत घेतो, तशी दोन सध्या घरात आहेत. बायको म्हणते, तिसरं आलं की तुम्ही बाहेर.

पुन्हा छत्रपती संभाजीनगरहून:

दादा, शिव्या नाहीत. असे आणखी लिहा.

चिवडीचं ऑपरेशन गुरुवारी. भुलीचं प्रमाण वजनावर ठरतं, एवढ्या लहान जिवात शंभर ग्रॅमचाही फरक पडतो, म्हणून नेमकं वजन मागितलंय. आमचा घरातला काटा तिला मोजतच नाही, शून्यावर राहतो. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं. तूरडाळीच्या पोत्याशेजारी काट्यावर बसवली, दोन किलो 150 भरली. दुकानदार काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “लिहून घ्या. आणि गुरुवारी काय झालं ते सांगा, मला चैन पडणार नाही.”